मेलबर्नचा बाजार आणि कोल्हापूरची पिशवी

ऑस्ट्रेलियाला गेलेलं कोल्हापूरचं कुठलंही घर सुरुवातीचे काही महिने एकाच दुखण्यानं हैराण असतं. दुकानातली प्रत्येक किंमत पंचावन्न-साठनं गुणायची आणि हबकायचं. कोथिंबिरीची जुडी तीन डॉलर, म्हणजे पावणेदोनशे रुपये! कपिलतीर्थ मार्केटात कोथिंबीर घेतली की वर कढीपत्त्याच्या दोन काड्या हक्कानं मागून घेणाऱ्या बाईला हे सहन होणं कठीणच. ती जुडी परत ठेवते, आमटी कोथिंबिरीवाचून करते आणि रात्री आईला फोन करून रडते.

माझी भाची मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीटला राहते. तिच्याकडे मी अधूनमधून जातो आणि तिथल्या मुक्कामात बाजाराची पिशवी माझ्याकडे असते. बाजार हा माझा जुना नाद आहे. कुठल्याही गावाला गेलो की देवळाआधी मंडई गाठतो. गुणाकार करून हबकलेली तिथली बरीच मराठी घरं मी पाहिली आहेत आणि त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं, की किंमत रुपयांत मोजू नका, तासांत मोजा. जुलै २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन ताशी २४ डॉलर ९५ सेंट झालं. सुपरमार्केटच्या स्वतःच्या छापाचं दोन लिटर दूध तीन डॉलरच्या थोडं वर मिळतं. म्हणजे अगदी तळाच्या पगारावरच्या माणसाचे आठेक मिनिटांचे कष्ट. असा हिशोब मांडला की दूध, अंडी, ब्रेड, कोंबडी, गव्हाचं पीठ हे सगळं आवाक्यातलं निघतं. महाग असतो तो माणसाचा हात. केस कापायला तीस-चाळीस डॉलर सहज जातात, नळ दुरुस्त करणारा नुसता दारात आला तरी पैसे लागतात, आणि धुणंभांडी करायला कुणी बाई येईल ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. राजारामपुरीत ज्या गोष्टी आपण हाक मारून करून घेतो, त्या तिथं शिकून घ्याव्या लागतात. माझा भाचेजावई आता स्वतःचे आणि दोन्ही पोरांचे केस घरीच कापतो, आणि छान कापतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९०१ च्या कायद्यानं गोरे सोडून इतरांना या देशाचं दार बंद होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कुटुंबांना मोठ्या माणसामागे अवघ्या दहा पौंडांत बोटीनं नेलं जाई. ते गोरं धोरण १९७३ मध्ये पुरतं संपलं, आणि २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाख लोक तिथं मोजले गेले. तिथं पोचलेल्याला आधी घर लागतं. घरभाडं आठवड्याच्या हिशोबानं ठरतं, अनामत बहुधा चार आठवड्यांची असते आणि ती घरमालकाच्या खिशात न जाता सरकारी खात्याकडे जमा होते, हे मला फार आवडलं. घर रिकामंच मिळतं, फ्रीजसुद्धा बहुधा आपलाच आणायचा. कायम राहण्याचा परवाना असेल तर मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा मिळते, विद्यार्थी असाल तर आरोग्य विमा काढावाच लागतो. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळं इकडचा मिक्सर तिकडं चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. मिक्सर जरूर न्यावा. वाटण घाटणाशिवाय आपलं पान हलत नाही.

बॅगेत काय भरायचं हा मात्र घराघरांतला मोठा वाद. विमानात एक कार्ड भरायला देतात. खायचं काहीही असेल तर त्यावर ‘हो’ लिहायचं. लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड होतो, प्रसंगी व्हिसावरही येतं. ‘हो’ लिहिलं आणि वस्तू चालत नसली तर ती काढून घेतात, एवढंच. वाडीचे पेढे, खव्याची बर्फी, ताजा कढीपत्ता, लावायचं बियाणं यांचा मोह धरू नये. लाळ्या-खुरकुताचा रोग तिथल्या जनावरांत नाही आणि तो येऊ नये म्हणून परक्या दुधाच्या पदार्थांवर त्यांचा फार कडक डोळा असतो. घरची कांदा-लसूण चटणी घट्ट बंद करून, वर नाव लिहून, समोर ठेवावी आणि निर्णय अधिकाऱ्यावर सोडावा. कोल्हापुरी चपलेच्या तळाला मातीचा कणही ठेवू नये.

ही कडक शिस्त बाजारभावात कशी उतरते ते केळ्यांनी दाखवलं. बाहेरचं ताजं केळं ऑस्ट्रेलिया आत येऊच देत नाही, सगळी केळी घरची, त्यातली बहुतेक उत्तर क्वीन्सलँडची. मार्च २००६ मध्ये लॅरी नावाचं चक्रीवादळ इनिसफेलच्या भागावर आदळलं आणि देशाच्या केळीच्या पिकाचा मोठा हिस्सा एका दिवसात झोपला. दोन-तीन डॉलर किलोची केळी दहाच्या पुढं गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये यासी वादळानं पुन्हा तोच प्रकार केला.

आता सुपरमार्केट. वूलवर्थ्स, ज्याला सगळे वूलीज म्हणतात, आणि कोल्स या दोघांकडे मिळून देशाच्या किराण्याच्या सुपरमार्केटमधल्या विक्रीचा ६७ टक्के वाटा आहे. कोल्सचं पहिलं दुकान १९१४ मध्ये मेलबर्नच्या कॉलिंगवुडला निघालं, वूलीजचं १९२४ मध्ये सिडनीच्या एका तळघरात. २००१ मध्ये जर्मनीची आल्डी आली आणि या दोघांना जरा घाम फुटला. ग्राहकांच्या बाजूनं लढणाऱ्या सरकारी आयोगानं सप्टेंबर २०२४ मध्ये दोघांनाही कोर्टात खेचलं. आधी भाव चढवायचा, मग थोडा उतरवून ‘भाव घसरला’ अशी पाटी लावायची, असा आरोप होता. महाद्वार रोडच्या सेलमध्ये कपडे घेतलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

या पाट्यांवर उपाय त्याच पाटीवर असतो, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. डिसेंबर २००९ पासून मोठ्या दुकानांना प्रत्येक मालाचा दर शंभर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतो ते छापणं सक्तीचं आहे. मोठ्या आकड्याकडे बघूच नये, नजर थेट त्या कोपऱ्यावर न्यावी. तुरीच्या डाळीचं किलोचं पाकीट आणि अर्ध्या किलोचं पाकीट शेजारीशेजारी असतात आणि सवलतीच्या आठवड्यात लहान पाकीट स्वस्त पडलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नवे भाव बुधवारी लागतात. कॉफी, शाम्पू, कपड्यांचा साबण असल्या टिकाऊ वस्तू आळीपाळीनं निम्म्या किमतीत येतात, त्या आठवड्यात दोन महिन्यांचं भरून ठेवावं. फळं, भाज्या, दूध, मांस, तांदूळ, पीठ यांवर कर नाही. चिप्स, बिस्किटं, चॉकलेट यांवर दहा टक्के, पण तो छापील किमतीत धरलेलाच असतो. एक आणि दोन सेंटची नाणी १९९२ मध्येच बंद झाली, त्यामुळं रोखीचा हिशोब पाच सेंटांवर आणून सोडतात.

दुधाचा विषय निघाला की कोल्हापूरच्या माणसाला थांबता येत नाही. २६ जानेवारी २०११ ला, त्यांच्या राष्ट्रीय दिवशी, कोल्सनं आपल्या छापाचं दूध एक डॉलर लिटर केलं. वूलीजनं लगेच तोच भाव लावला. हा एक डॉलर आठ वर्षं हलला नाही. गिऱ्हाईक खूश, आणि तिकडं गायी विकून गोठे बंद करणारे शेतकरी. दुष्काळ आणि लोकांची ओरड एकत्र आली तेव्हा कुठं २०१९ च्या सुरुवातीला भाव दहा सेंटांनी वाढला. ज्या जिल्ह्यात दूध संघाच्या निवडणुकीला आमदारकीइतकी चुरस असते, तिथल्या माणसाला ही गोष्ट ऐकून चीड येते. स्वस्त दूध बघून मला कधी आनंद झाला नाही. शिवाय ते सगळं गायीचं. गंगावेशीत रात्री कट्ट्यावर म्हशीची धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात, तो दाटपणा तिथं शोधून सापडत नाही. म्हशीचं दूध काही थोड्या ठिकाणी मिळतं, पण त्याच्या भावाला मात्र गुणाकार केलेलाच बरा.

आणि मटण. खरं सांगायचं तर मी हा लेख मटणासाठी लिहायला घेतला.

२०१९ च्या शेवटी कोल्हापुरात मटणाचा दर सहाशेकडे निघाला तेव्हा कृती समिती निघाली, बैठका झाल्या, दुकानं बंद राहिली. पेट्रोलसाठी न पेटणारं गाव मटणासाठी पेटलं याचं बाहेरच्यांना हसू आलं, मला अभिमान वाटला. अशा गावची पोरं जेव्हा मेलबर्नला जातात तेव्हा पहिल्या रविवारी वूलीजमध्ये मटण शोधतात आणि समोर येते ती मेंढी. कोकराचं मांस तिथं सणासुदीचं, मांडीचा अख्खा तुकडा ओव्हनमध्ये भाजून खायची रीत. चव वाईट नाही. पण त्या चरबीला एक जड वास असतो, आणि तांबड्या रश्श्यात तो एक वेळ दडतो, पांढऱ्यात अजिबात दडत नाही. पांढऱ्या रश्श्याला बोकडच लागतो.

गंमत अशी की बोकडाच्या मांसाची जगात सर्वांत जास्त निर्यात करणारा देश ऑस्ट्रेलियाच आहे. १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन आलेल्या पहिल्या ताफ्यासोबत शेळ्या उतरल्या. पुढं सुटून रानात गेल्या, वाढल्या, आणि आज न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या कोरड्या आतल्या भागात त्यांचे मोकाट कळप फिरतात. ते धरायचे, कापायचे आणि बाहेर पाठवायचे. सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. गोरा ऑस्ट्रेलियन स्वतः ते फारसं खात नाही, म्हणून सुपरमार्केटमध्ये ते क्वचित दिसतं. मिळतं ते हलाल खाटकाकडे किंवा भारतीय दुकानांत. मेलबर्नमध्ये डॅण्डेनाँगची फॉस्टर स्ट्रीट, सिडनीत हॅरिस पार्क. तिथं ‘मटण’ मागू नये, नाहीतर म्हातारी मेंढी पदरात पडायची. सरळ ‘गोट’ म्हणावं.

खरा फरक कापण्यात आहे. आपल्याकडे खाटीक लाकडाच्या ओंडक्यावर सत्तूर मारतो, हाड सांध्यावर फुटतं आणि नळी अखंड राहते. तिथं बरंचसं मटण गोठलेलं येतं आणि विजेच्या पट्टीकरवतीवर चिरलं जातं. तुकडे एकसारखे, मोजून घेतल्यासारखे, आणि प्रत्येकावर हाडाचा पांढरा भुसा बसलेला. तो तसाच शिजवला की अळणी पाणी गढूळ होतं आणि रस्सा दाताला कचकचतो. दोन-तीन पाण्यांतून, बोटांनी चोळून धुवावं. त्याहून चांगलं म्हणजे न गोठवलेली अख्खी मांडी घ्यावी आणि ‘करवत नको, सुरीनं’ असं सांगावं. डॅण्डेनाँगच्या एका लेबनीज खाटकाला मी हातवारे करून नळी कशी ठेवायची ते दाखवलं. त्यानं मान डोलावली, सत्तूर काढला आणि सांध्यावर नेमका घाव घातला. पुढच्या खेपेला मला बघताच त्यानं करवत बंद केली. रानातल्या शेळीला चरबी बेताची, म्हणून अळणीला तेज येत नाही. मानेचे आणि छातीचे तुकडे जास्त मागून घ्यावेत, आलं-लसूण-हळद लावून मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्यावं. कुकरची घाई करू नये.

खोबरं, तीळ, काजू सगळीकडे मिळतात. पेच पडतो तो खसखशीचा. सुपरमार्केटच्या बरणीतली खसखस काळी-निळी असते, पावावर भुरभुरायची. ती वाटून रश्श्यात घातली की पांढरा रस्सा राखेच्या रंगाचा होतो. भाचीकडे पहिल्यांदा तो वाटीत आला तेव्हा पोरांनी हात लावला नाही. खसखशीचा मागोवा घेत गेलो तर एक वेगळंच जग उघडलं. टास्मानिया बेटावर औषधांसाठी अफूची कायदेशीर शेती चालते, वेदनाशामकांच्या जागतिक पुरवठ्यात तिचा मोठा वाटा आहे. तारेच्या कुंपणावर धोक्याच्या पाट्या, आत दूरवर पसरलेली फुलं. या औषधी जातींचं बी म्हणजे सरसकट खाण्याची खसखस नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये खाण्यासाठी नसलेलं असं बी बाजारात मिसळलं गेलं आणि भरपूर खसखस उकळून चहा पिणारी काही माणसं दवाखान्यात पोचली. देशभरातून पाकिटं परत मागवली गेली. रश्श्याला लागते मूठभर, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण सुटी खसखस घेऊ नये. फॉस्टर स्ट्रीटवर आणि हॅरिस पार्कात पांढरी खसखस बंद पाकिटात मिळते. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, काजूबरोबर, इकडून नेलेल्या मिक्सरच्या लहान भांड्यात वाटावी.