हरवलेला अनुस्वार

वाचताना अडखळणारे मूल शिक्षकाला नवे नसते. ते का अडखळते याचा शोध घेण्याऐवजी ‘अभ्यास कमी पडतो’ असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. असाच एक निवाडा मी दिला, आणि तो मला मागे घ्यावा लागला. त्याची ही हकीकत. तीत थोडे यंत्रशास्त्र येईल; वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातील, सरकारी, मराठी माध्यमाची. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक भेट दिला. तळहाताएवढ्या एकाच पट्टीवर सारा संगणक बसविलेला! इंग्लंडातील केंब्रिज येथे त्याचा जन्म झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याला आज्ञा देण्यासही शिकावे, हा त्याच्या निर्मात्यांचा हेतू. त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालते. मात्र त्याला स्वतःचा पडदा नसतो. एका कार्यालयाने मोडीत काढलेला सतरा इंची पडदा आम्ही मिळविला. संगणकाची एचडीएमआय तार आणि पडद्याची जुनी व्हीजीए जोडणी यांचा मेळ घालण्यासाठी एक स्वस्त कन्व्हर्टर आणला. पडदा उजळला आणि वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यानंतर मी पाठ पडद्यावर दाखवू लागलो. सातवीतील एक मुलगी शेवटच्या बाकावरून वाचावयास उठली. ‘घनदाट अरण्य’ तिने ‘धनदाट अरण्य’ असे वाचले. ‘वारा’चा ‘बारा’ केला. ‘कुंडी’ची ‘कुडी’ झाली. वर्ग हसला. मी रागावलो आणि तिच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचनाकडे लक्ष नाही’ असा शेरा लिहिला. पुढे तिने वाचावयास उठणेच सोडले.

महिन्याभराने सहज तिच्या हाती पुस्तक दिले, तर तोच पाठ तिने न अडखळता वाचून दाखविला. मी चपापलो. शाळा सुटल्यावर तिच्या बाकावर जाऊन बसलो आणि पडद्याकडे पाहिले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. अनुस्वार शिरोरेषेत विरघळले होते, ‘ब’च्या पोटातील रेघ दिसत नव्हती, ‘घ’ आणि ‘ध’ जुळे भाऊ झाले होते. दोष मुलीचा नव्हता, पडद्याचा होता.

त्या माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. त्याने समजाविले ते असे. सपाट पडदा म्हणजे ठिपक्यांची ठरावीक चौकट. आमच्या पडद्यावर आडवे १२८० आणि उभे १०२४ ठिपके आहेत. संगणक सुरू होताना पडद्याला त्याची मापे विचारतो, आणि पडदा ती तारेतून कळवितो. आमच्या कन्व्हर्टरमधून ते उत्तर पलीकडे पोहोचतच नव्हते. उत्तर न मिळाल्याने संगणकाने सावधपणे १०२४ गुणिले ७६८ हे लहान माप धरले. पडद्याला मग आडव्या चार ठिपक्यांचे पाच आणि उभ्या तीन ठिपक्यांचे चार करावे लागत. या ओढाताणीत अक्षरांच्या कडा पुसट होत. इंग्रजी अक्षरे त्यातून कशीबशी तगतात. पण आपल्या लिपीत एका ठिपक्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो.

पडद्याच्या मांडणीच्या यादीत योग्य माप सापडेना. जुन्या मार्गदर्शिकांत ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलीत ठरावीक क्रमांक लिहिण्यास सांगितले आहे. परंतु २०२१ च्या अखेरीपासूनच्या प्रणालीत ते क्रमांक मानले जात नाहीत. आता ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडावी लागते. तीत एकच लांब ओळ असते. तिच्या शेवटी एक जागा मोकळी सोडून, इंग्रजीत ‘व्हिडिओ’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह, जोडणीचे नाव, दोन टिंबे आणि मग आडवे माप, उभे माप व दर सेकंदाचा वेग (आमच्या बाबतीत १२८०, १०२४ आणि ६०) असे लिहावयाचे. नवी ओळ मात्र सुरू करावयाची नाही. आधी फाइलीची प्रत काढून ठेवावी. चूक होऊन पडदा काळा पडलाच, तर संगणकातील छोटे कार्ड दुसऱ्या संगणकात घालून ती फाइल दुरुस्त करता येते.

आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी तसे केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. अनुस्वार आपापल्या जागी येऊन बसले. खर्च एका पैचाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी वाचावयास सांगितले. ती क्षणभर घुटमळली, मग उठली. ‘घनदाट अरण्य’ हे शब्द तिने शेवटच्या बाकावरून स्वच्छ वाचले. वर्गासमोर मी तिची क्षमा मागितली. प्रगतिपुस्तकातील शेरा खोडला व खाली सही केली.

वाचकहो, आपल्या घरीही दूरचित्रवाणीच्या वा संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे आजीला पुसट दिसत असतील, तर तिच्या डोळ्यांना दोष देण्यापूर्वी पडद्याचे माप एकदा तपासून पाहावे. आणि आम्हां शिक्षकांनी तर शेरा लिहिण्यापूर्वी मुलाच्या बाकावर एकदा जाऊन बसावे.