दर वीस वर्षांनी नवं देऊळ

जपानमधल्या इसे इथलं सूर्यदेवता अमातेरासूचं मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत जसंच्या तसं पुन्हा बांधतात. पहिली पुनर्बांधणी इ.स. ६९० मधली, ६२वी २०१३ मधली. (मध्ये यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षं खंड पडला होता.) हिनोकी लाकडाचे बिनरंगी खांब थेट जमिनीत रोवलेले, छप्पर गवताने शाकारलेलं. असं बांधकाम फार टिकत नाही, हे खरंच. पण तरुण सुतार जुन्यांच्या हाताखाली तयार होतात, ही त्याहून मोठी गोष्ट. उतरवलेलं लाकूडही वाया जात नाही. आढं पेलणाऱ्या खांबांपासून उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी, म्हणजे प्रवेशकमानी, उभारतात. पुढे २० वर्षांनी हेच खांब जुन्या तोकाइदो मार्गावरच्या तोरींना लागतात.