पात्राचा राग

ओरोसला विद्यार्थी मला कथा वाचायला देतात. नायक पहिल्याच पानावर गर्जतो. वाचकाला काही होत नाही. तो राग आजवर कशापायी गिळला, हेच कथेत नसते. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) पाहा. नायक रेल्वेत कामाला. जात कळली तर आसरा जाईल, म्हणून गप्प. सोबतचा काशीनाथ मात्र जात उघड सांगतो, चाकू बाळगतो. अपमान एकच, माणसे दोन! काशीनाथ आहे म्हणूनच नायकाचे मौन आपल्याला सोसवत नाही. माझे वडील बागायतदाराच्या अंगणात कधी बोलले नाहीत. घरी येऊन धार असलेलीच कोयती पुन्हा दगडावर घाशीत बसत. आम्ही भावंडे तेवढा वेळ जेवण मागत नसू.