सल्ले शंभर, बाळ एक!

घरात पाळणा हलू लागला, की दोन गोष्टींना तोटा राहात नाही : दुपट्यांना आणि सल्ल्यांना. दुपटी जास्त झाली तर निदान घडी करून कपाटात ठेवता येतात. सल्ल्यांचे तसे नाही. पाहुणे बाळाच्या मुठीत नोट ठेवून निघून जातात, पण त्यांचा सल्ला घरातच मुक्कामाला राहतो. "पोट दुखत असेल, बेंबीभोवती हिंग लावा," असे मावशी सांगतात. "छे, ओव्याच्या पुरचुंडीने शेका," असे शेजारच्या काकू म्हणतात. गुटीवाचून मूल बाळसे धरायचे नाही, हा सासूबाईंचा अनुभव. तर गुटीचे नावही काढू नकोस, ही परदेशातल्या नणंदेची फोनवरून ताकीद. या साऱ्यांच्या मधोमध रात्रभर जागलेली, डोळे चुरचुरत असलेली बाळाची आई बसलेली असते. आणि बाळाचे वडील दाराशी उभे राहून, कोणाची बाजू घेतली तर कमी नुकसान होईल याचा हिशेब करीत असतात.

लस टोचण्याच्या दिवशी एखाद्या दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून पाहावे. नव्या आईबापांची खरी शाळा तिथे भरते. तीन महिन्यांच्या बाळाची आई दीड महिन्याच्या बाळाच्या आईला शिकवते, आणि नऊ महिन्यांच्या बाळाची आई म्हणजे तर मुख्याध्यापिकाच! "आमचीही अशीच रडायची हो, चौथ्या महिन्यात आपोआप थांबली," एवढ्या एका वाक्याने समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. तेव्हा सल्ला वाईट असे कोणी म्हणू नये. प्रश्न एवढाच, की शंभरांतले घ्यावेत कोणते आणि हसून सोडून द्यावेत कोणते?

त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. कोणी काही सुचवले, की मनाशी विचारावे : हे बाळाच्या अंगाबाहेर राहणार, की अंगात जाणार? बाहेर राहणारे असेल, म्हणजे तेलाचा हलका हात, कोमट पाण्याची आंघोळ, मऊ सुती दुपटे, अंगाई, मांडीवरचे झोके, तर आजीचे खुशाल ऐकावे. पण तोंडात, नाकात, कानात, डोळ्यांत किंवा नाळेच्या जखमेवर जाणारे काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल पुढे टाकू नये.

आजीचा हात

तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालावे ते आपल्याकडच्या अनुभवी बायकांनीच! हलक्या हाताने तेल चोळले, की बाळाची त्वचा मऊ राहते, त्याला ऊब मिळते आणि झोपही चांगली लागते. दूध पाजल्याबरोबर मात्र चोळू नये आणि हात जड नसावा. त्याच न्हाण्यात काही जुन्या रीतीही मिसळलेल्या असतात. नाकात-कानात तेल सोडणे, बाळाची छाती पिळून 'दूध' काढणे, टाळूवर दाबून तेल जिरवणे या गोष्टी थांबवाव्यात. नाकात सोडलेले तेल फुप्फुसांत उतरू शकते. पिळलेल्या छातीत पू होण्याची भीती असते. नाळ कोरडी व उघडी ठेवली, की आपली आपण गळून पडते. तिला हळद, राख, तूप यांपैकी कशाचीही गरज नाही.

धुरीचे काय? धूर दिसायला बाहेर दिसतो, पण श्वासाबरोबर तो आतच जातो. बाळाच्या इवल्या फुप्फुसांना शेगडीचा धूर काय आणि सिगारेटचा काय, दोन्ही सारखेच. दिवाळीचेही तसेच. बाळाची पहिली दिवाळी म्हणून त्याला गॅलरीत नेऊन फुलबाज्या दाखवण्याचा मोह घरोघर होतो. त्याऐवजी बाळाला आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवावे. पणतीच्या उजेडाकडे टक लावून पाहण्यात त्याची दिवाळी तितकीच आनंदात जाते.

काजळाची गोष्टही अशीच. बाजारातल्या काही काजळांत व सुरम्यांत शिसे आढळले आहे, आणि शिसे बाळाच्या मेंदूला घातक असते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच, तर ती तळपायावर लावावी, डोळ्यांत नको. दृष्टीही लागणार नाही आणि आजींचा मानही राहील.

सहा महिने दूध, आणि दूधच

बाळंतपणानंतरचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पूर्वी कित्येक घरांत पिळून टाकून देत. रोगाशी झगडणारी द्रव्ये त्यात सर्वांत जास्त असतात, तेव्हा बाळाची ती पहिली लसच समजावी. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी धरावे आणि पुढे सहा महिने त्याला आईच्या दुधाखेरीज दुसरे काही देऊ नये. पाणीसुद्धा नको. वैशाखातल्या उन्हातही त्याची तहान भागवण्याइतके पाणी आईच्या दुधात असते. डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि औषधे मात्र अर्थातच द्यावीत.

मध चाटवण्याची रीत जुनी आणि गोड आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात क्वचित असे जंतुबीज असते, की ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करते आणि त्याचे स्नायू लुळे पडतात. गुटीचेही तेच. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, मायफळ ही मंडळी आपापल्या जागी थोर असतील. पण सहाणेवर किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, सहाण किती स्वच्छ आहे हे कोणी पाहात नाही, आणि तान्ह्या पोटाला पहिला जंतू बहुधा अशाच वाटेने भेटतो.

गुटीला मागासलेली म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या कपाटात पुष्कळदा ग्राइप वॉटरची बाटली सापडते. हे पाणी १८५१ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने काढले, आणि मूळच्या कृतीत त्याने चक्क मद्यार्क घातला होता! बाळे शांत झोपत, यात नवल ते काय? आज त्यात मद्यार्क घालीत नाहीत, पण सहा महिन्यांच्या आत त्याची गरजही नसते. पावडरचे दूध आणि बाटली यांची जाहिरात करायला तर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. वरचे दूध द्यावेच लागले, तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, उकळून स्वच्छ केलेल्या वाटी-चमच्याने द्यावे.

"दूध पुरते का गं त्याला?" हा प्रश्न बाळंतिणीला दिवसातून दहादा विचारला जातो आणि तो ऐकूनच तिचा धीर खचतो. त्याचे उत्तर बाळाच्या लंगोटात मिळते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते साधारण दहाव्या दिवसापर्यंत भरून निघते. पुढे पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्माच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. शेजारच्या गुटगुटीत बंड्याशी तुलना करण्यापेक्षा दवाखान्याच्या काट्याशी तुलना केलेली बरी.

रडणे आणि निजणे

बाळ रडते म्हणजे ते भुकेलेलेच असते असे नाही. रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वाढते आणि तीन-चार महिन्यांनी ओसरते. लंगोट, ऊब, भूक, ढेकर हे सारे पाहून झाले आणि तरी रडणे थांबत नसेल, तर बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालाव्यात. आपलाच तोल सुटतो आहे असे वाटले, तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या कोणाला हाक मारावी. पण त्याला गदागदा हलवू नये. तेवढ्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

झोपवायचे कसे, या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे १९४६ सालचे बालसंगोपनाचे पुस्तक जगभर लाखांनी खपले. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत बाळाला पालथे निजवावे असा सल्ला होता. तो वर्षानुवर्षे घरोघर पाळला गेला. नंतर संशोधकांना आढळले, की पालथ्या निजलेल्या बाळांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण अधिक आहे. १९९० नंतर बाळाला उताणे निजवण्याची मोहीम निघाली आणि अनेक देशांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. तात्पर्य, आजीच तेवढी चुकते असे नाही, पुस्तकही चुकते. फरक एवढाच, की शास्त्र आपली चूक मोजते आणि बदलते. बाळ उताणे, सपाट अंथरुणावर, तोंडाजवळ उशी-पांघरुणाचा ढीग नसताना निजवावे.

उष्टावण आणि पुढे

सहा महिने भरले, की उष्टावण करण्याची आपली रीत आजच्या वैद्यकाशी छान जुळते. या सुमारास नुसते दूध पुरेनासे होते. लोह तर हटकून कमी पडते. मऊ वरण-भात, वर साजूक तुपाचे बोट, नाचणीचे सत्त्व, मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, शिजवलेला लाल भोपळा आणि खाणाऱ्या घरी अंडे किंवा मासळीचा मऊ घास. पातळ पाण्यासारखे वरण पोट भरते, अंग भरीत नाही. म्हणून चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. वर्षापर्यंत मीठ-साखर घालू नये. दूध मात्र चालूच ठेवावे, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

जुलाब लागले तर खाणेपिणे तोडू नये. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य पटकीचे रोगी वाचवले. तेच जलसंजीवनीचे पाकीट आज दवाखान्यात मिळते. वेष्टणावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते विरघळवावे आणि चमच्याचमच्याने पाजावे.

लशींचे कार्ड

जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची लस. पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादींवरच्या लशी. नऊ महिने पुरे झाले, की गोवर-रुबेला. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत त्या मोफत मिळतात. टोचल्यावर ताप येतो म्हणून कचरणाऱ्यांनी आठवावे, की पोलिओने लुळे पडलेले पाय या देशात गल्लोगल्ली दिसत. १३ जानेवारी २०११ नंतर त्या मूळ पोलिओचा एकही रुग्ण इथे आढळला नाही, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आणि काही वेळा अशा असतात, की तेव्हा कोणाचाच सल्ला घेत बसू नये. बाळ दूध ओढीनासे झाले, झटके आले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा त्याचे अंग गार पडले, कावीळ तळहाता-तळपायांपर्यंत पोचली, तर घड्याळ न पाहता दवाखाना गाठावा.

सल्ल्याबरोबर हातही द्या

१९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच जात. २०२० साली ही संख्या २८ वर आली. महाराष्ट्रात १६ वर. हे नुसत्या औषधांनी झाले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या साध्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवायला शिकवीत, आजार ओळखून उपचार करीत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, अशी सेवा नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तान्त आला. गावातलीच बाई, गावातलीच भाषा. पण सांगणे पारखलेले, आणि सांगून निघून न जाता मदतीला थांबणारी.

शहरातल्या आपल्या घरांनीही एवढेच उचलावे. बाळंतिणीला सल्ला देण्याआधी तिचे गार झालेले ताट गरम करून द्यावे. बाळाच्या वडिलांनी दाराशी उभे न राहता रात्रीचा एक जागर आपल्याकडे घ्यावा. लंगोट बदलायला, ढेकर काढायला आणि खांद्यावर घेऊन फिरवायला बापाचे हात मुळीच कमी पडत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत बाळंतिणीला उगीच रडू येते, ते बहुधा आपोआप निवळते. दोन आठवडे उलटूनही तिचे मन उदास राहिले, बाळाकडे पाहावेसेही वाटेना, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर "आम्ही नाही का चार मुले वाढवली?" असे म्हणू नये. तो आजार आहे, त्यावर इलाज आहे; तिला डॉक्टरांकडे न्यावे.

वर्ष सरते तेव्हा बाळ भिंत धरून उभे राहते आणि एखादा शब्द बोलू लागते. त्याला पाळण्यापासून त्या भिंतीपर्यंत पोचवायला शंभर सल्ले लागत नाहीत. निजलेली आई, जागा बाप, घरातल्या वडीलधाऱ्यांचे हलके हात आणि वेळेवर गाठलेला दवाखाना, एवढे पुरते.