आधी बांध, मग झाड

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे धावडा हे गाव आहे. मिरचीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात उताराला हलकी, मुरमाड जमीन आणि सखल भागात काळी माती असे दोन्ही प्रकार आढळतात. शेतकरी कुटुंबातील अनेक नोकरदार अशा परिसरात एक-दोन एकर विकत घेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात रोपे लावण्याची घाई करतात. ही घाईच पुढे महागात पडते. नव्याने घेतलेल्या शेतात झाड हे सर्वांत शेवटचे काम असते. त्याआधी हद्द, कुंपण, माती आणि पाणी या चार गोष्टींचा निकाल लावावा लागतो.

हद्द कागदावर आणि जमिनीवर

खरेदीखताची नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर नाव लागले, म्हणजे मालकी निश्चित झाली असे मानले जाते. मात्र सातबारा क्षेत्र सांगतो. प्रत्यक्ष बांध कोठे आहे हे सांगत नाही. गटाचा काही भागच विकत घेतला असेल आणि पोटहिस्स्याची मोजणी झालेली नसेल, तर वादाला निमंत्रणच मिळते. पीक वर्षभरात निघून जाते, झाड मात्र तीस-चाळीस वर्षे उभे राहते. म्हणून भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्यांच्या उपस्थितीत खुणांचे दगड रोवावेत आणि सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना बारकाईने वाचावा. शेतात जाण्याचा रस्ता, विहिरीतील सामाईक हिस्सा आणि पूर्वापार वहिवाट यांचीही खात्री लावणीपूर्वीच करावी. मराठवाड्यातील जमिनींना हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू असल्याने त्यातील बंधनेही पाहणे आवश्यक ठरते.

तारेपेक्षा जिवंत कुंपण

रोपांना पहिला धोका मोकाट जनावरे आणि शेळ्यांचा असतो. त्यापाठोपाठ रोही आणि रानडुकरे येतात. तारेचे कुंपण लगेच उभे राहते, परंतु ते खर्चिक असते. हद्दीच्या आत चर खणून त्याची माती आतल्या कडेला टाकावी. त्या मातीच्या बांधावर सागरगोटा, घायपात, करवंद यांची दाट ओळ लावल्यास स्वस्त आणि टिकाऊ कुंपण तयार होते. ते दाट होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, म्हणूनच त्याची सुरुवात फळझाडांच्या आधी व्हावी. कुंपणात विजेच्या वाहिनीतून थेट प्रवाह सोडणे बेकायदा आणि माणसांसाठीही जीवघेणे आहे.

खड्ड्याआधी मातीची परीक्षा

मृद परीक्षणासाठी केवळ वरच्या थराचा नमुना पुरेसा नसतो. दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खणून खाली मुरूम आहे, चुनखडी आहे की पाणी धरून ठेवणारी चिकण माती आहे, हे पाहावे लागते. मोसंबीला चुनखडीची आणि निचरा न होणारी जमीन मानवत नाही. हलक्या जमिनीत सीताफळ तग धरते. त्याचा पाला शेळ्या सहसा खात नाहीत, हा आणखी एक लाभ. खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावेत, चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी.

पाण्याचा हिशेब

खरी परीक्षा येथे होते. सहा बाय सहा मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७७ मोसंबीची झाडे बसतात. उन्हाळ्यात लहान रोपाला रोज दहा लिटर धरले, तरी पावणेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. पूर्ण वाढलेल्या झाडाची गरज शंभर लिटरवर जाते. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर दररोज. रोपांच्या गरजेवर आखलेली बाग दुष्काळात कोलमडते, ती यामुळेच. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. याच जिल्ह्यातील कडवंची गावाने मात्र पाणलोटाची कामे आधी केली आणि शेततळ्यांच्या आधारे द्राक्षबागा टिकवल्या. समपातळीवरील बांध, चर आणि शेततळे ही कामे लावणीनंतर करता येतात, परंतु तेव्हा ओळी मोडाव्या लागतात.

शासनाच्या योजनांतही हेच गृहीत आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळते आणि त्यासाठी पहिल्या वर्षी किमान ८० टक्के, तर दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. बांधावर साग, आंबा किंवा चिंच लावणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी : १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार स्वतःच्या शेतातील अशी झाडे तोडण्यासही परवानगी लागते. म्हणून लागवडीची नोंद सातबाऱ्यावर वेळीच करावी.

पहिला पावसाळा शेतात ताग किंवा धैंचा पेरून तो गाडण्यात आणि पाणी कोठून येते, कोठे साचते, हे पाहण्यात घालवावा. एक वर्ष वाया गेल्यासारखे वाटेल. परंतु दहाव्या वर्षी बाग उभी राहील की नाही, हे बहुधा त्याच वर्षात ठरलेले असते.