दुसरा पडदा जोडताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पाठीमागच्या पोर्टविषयी लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या गोष्टीने माझे २८० रुपये घेतले आणि थोडे शहाणपण दिले, ती मित्रांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या मराठी विभागात या वार्षिकाचे जुने अंक संगणकावर उतरवून घेण्याचे काम चालू आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्यातले टंकलेखन माझ्याकडे आले. जुन्या पानाचे छायाचित्र पाहायचे, मग ते बाजूला सारून दोन ओळी टाइप करायच्या, पुन्हा छायाचित्राकडे यायचे. या येरझाऱ्यांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या कवितेचे एक अख्खे कडवे माझ्या हातून गळले. सरांच्या तपासणीत सापडले म्हणून बरे! तेव्हा मनात आले की, एका पडद्यावर मूळ पान व दुसऱ्यावर टंकलेखन अशी सोय झाली तर हे टळेल. ग्रंथालयाच्या कोठीत एक जुना चौकोनी मॉनिटर पडून होता. पण ‘नादुरुस्त’ म्हणून त्याचे नाव भंगाराच्या यादीत चढले होते. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “शनिवारपर्यंत चालू करून दाखव, मग यादीतून नाव काढते.”

विभागाच्या संगणकाला चित्र बाहेर पाठवणारी दोन पोर्ट होती. एक व्हीजीए, त्यात विभागाचा मॉनिटर जोडलेला. दुसरे एचडीएमआय, ते रिकामे. कोठीतल्या मॉनिटरला मात्र फक्त व्हीजीए. मी बाजारात गेलो आणि एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेला कन्व्हर्टर घेऊन आलो. एचडीएमआयची केबल विभागात होतीच. सर्व काही घट्ट बसले. मॉनिटरचा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरे उमटली : ‘नो सिग्नल’.

दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते. पिना बसल्या म्हणजे जोडणी झाली असे नव्हे. यातील मर्म समजण्यासाठी आधी या पोर्टची ओळख करून घेऊ.

व्हीजीए हे यांतले जुने. आयबीएम कंपनीने १९८७ साली ते आणले. तीन ओळींत १५ पिना, बहुधा निळा रंग आणि दोन्ही बाजूंस आवळायचे स्क्रू, ही त्याची खूण. लाल, हिरवा व निळा या रंगांचे प्रमाण ते कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबाने कळवते. या पद्धतीला अॅनालॉग म्हणतात. १९९९ साली डीव्हीआय आले. त्यातल्या डीव्हीआय-डी प्रकारातून फक्त डिजिटल संदेश जातो, तर डीव्हीआय-आयमधून डिजिटल व अॅनालॉग दोन्ही जाऊ शकतात. २००२ साली एचडीएमआय आले. ते डिजिटल, १९ पिनांचे. त्यातून चित्राबरोबर आवाजही जातो. डिस्प्लेपोर्ट २००६ चे. ते एचडीएमआयसारखेच दिसते, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. अलीकडच्या लॅपटॉपवर यूएसबी टाइप-सीचे लहान लंबगोल पोर्ट असते. त्यातून चित्र जाऊ शकते. पण प्रत्येक टाइप-सीमधून जातेच असे नाही. ती सोय त्या यंत्रात आहे का, हे माहितीपत्रकात पाहूनच केबल घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. जोडणीत आकार, भाषा आणि दिशा अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आकार डोळ्यांना दिसतो. उरलेल्या दोन दिसत नाहीत.

भाषा एकच असेल तर साधा अडॅप्टर पुरतो. डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय यांची चित्राची भाषा एकच, म्हणून त्यांच्यामधल्या अडॅप्टरात नुसत्या तारा असतात. मात्र त्या वाटेने आवाज मिळेलच याचा भरवसा धरू नये. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जायचे तर डिजिटलचे अॅनालॉग करावे लागते. तेथे तारा पुरत नाहीत. आत चिप असलेला कन्व्हर्टर, म्हणजे एक दुभाषाच, लागतो.

आणि हा दुभाषा एकाच दिशेने बोलतो! माझी चूक येथेच झाली. मी आणलेला कन्व्हर्टर व्हीजीएचे एचडीएमआय करणारा होता. मला हवा होता नेमका उलटा. दोन्हींच्या टोकांची नावे तीच, म्हणून मी फसलो. डिस्प्लेपोर्टचेही असेच आहे. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी केबल स्वस्तात मिळते, पण ती उलटी लावून चालत नाही. म्हणून दुकानात ‘व्हीजीए-एचडीएमआय द्या’ असे न म्हणता ‘संगणकाला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे’ असे सांगावे. मी ते सांगितले नाही. विचारले तर आपण अडाणी ठरू, अशी धास्ती वाटली. त्या धास्तीची किंमत २८० रुपये.

दुकानदाराने वस्तू परत घेतली नाही. शुक्रवारी दुपारी मी हताश होऊन विभागाच्या मॉनिटरची पाठ वळवून पाहिली, तर तेथे व्हीजीएच्या शेजारी एचडीएमआयचे पोर्ट, कोणी कधी न वापरलेले! एचडीएमआयची केबल हातात होतीच. विभागाचा मॉनिटर त्या केबलवर घेतला आणि मोकळ्या झालेल्या व्हीजीए केबलला कोठीतला मॉनिटर जोडला. पडदा उजळला. कन्व्हर्टरची मुळी गरजच नव्हती!

तेव्हा मित्रहो, बाजारात जाण्यापूर्वी कागद घ्या. संगणकाची चित्र पाठवणारी सर्व पोर्ट एका बाजूला लिहा, दोन्ही मॉनिटरांची दुसऱ्या बाजूला. सारख्याला सारखे जोडता येते का ते प्रथम पाहा. दोन्ही जोड्या जुळल्या तर उत्तम. न जुळल्यास उरलेल्या एकापुरताच अडॅप्टर वा कन्व्हर्टर आणा. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर शक्यतो दोन्ही केबली त्या कार्डालाच लावा. कार्ड असताना मूळ पोर्ट पुष्कळदा बंद असतात. जोडणी झाल्यावर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसले तर घाबरू नका. विंडोजमध्ये खिडकीचे चिन्ह असलेली कळ धरून ‘पी’ दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा; म्हणजे दुसरा पडदा पहिल्याचा विस्तार होतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. माझा कन्व्हर्टर विभागाच्या टेबलाच्या खणात आहे. ज्याला उलट दिशेचे काम पडेल त्याने खुशाल न्यावा. शनिवारी मॅडमनी यादीतले ते नाव लाल शाईने खोडले. सोमवारी डाव्या पडद्यावर जुने पान ठेवून मी पहिल्यांदा ते गळलेले कडवे टाइप केले आणि दोन्ही पडदे ओळीला ओळ लावून वाचून पाहिले. आता कविता पुरी आहे.