कावीळ नाही, दारू नाही, तरीही

रत्नागिरीत पोटाच्या दुखण्याची विचारपूस सुरू झाली, की पहिला प्रश्न काविळीचा आणि दुसरा दारूचा; आणि दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले, की यकृताला निर्दोषत्वाचा दाखला देऊन चौकशीचे दफ्तर तिथेच बंद करण्याची वहिवाट आहे. हिपॅटायटिस ब आणि क विषाणूंचा जुनाट संसर्ग हे यकृताच्या कर्करोगाचे मोठे कारण खरे. परंतु मधुमेह, पोटावरील मेद आणि यकृतात साचलेली चरबी ही त्रयी, ज्याने दारूचा थेंबही कधी घेतला नाही, अशा माणसाच्या यकृतातही वर्षानुवर्षे दाह चालू ठेवते, त्यातून यकृत निबर होते, म्हणजेच सिरॉसिस जडतो, आणि पुढे तेथे अर्बुद उद्भवू शकते. चरबीच्या विकारात तर काही वेळा सिरॉसिसची पायरी न चढताच अर्बुद होते.

'मी काटकुळा, मला चरबी कुठली?' ही समजूतही तितकीच फसवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे मांडली: उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, मात्र अंगातील मेद युडकिन यांच्या ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याच्या साक्षीवर आपल्याकडे किती विसंबावे, हे यावरून ताडावे.

शेंगदाणे भाजले की बुरशीचे विष जळून जाते, असे मानणारी घरेही पुष्कळ. कोकणातल्या पावसात सादळलेल्या दाण्यांवर हिरवट बुरशी धरते, ती कधी कधी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते, आणि भाजल्याने ते काहीसे घटले तरी समूळ जात नाही. १९७४ साली पंचमहाल व बांसवाडा भागांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. तो झाला तीव्र विषबाधेचा प्रकार, परंतु हेच विष अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोगाला आमंत्रण देते, आणि ब विषाणू जोडीला असल्यास धोका कैक पटींनी वाढतो. नुसता खवटपणा निराळा. पण सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे दाणे सुपातूनच वेगळे काढून टाकावेत, कुटाच्या डब्यात लोटू नयेत.

राहिली लक्षणे. आरंभी बहुधा काहीच नसते. पुढे उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणे, अन्नावरील वासना जाणे, वजन उतरणे, हाताला गाठ लागणे, पोटात पाणी होणे. कावीळ पुष्कळदा उशिरा येते, म्हणून तिची वाट पाहणे म्हणजे दुखण्याला मुदत वाढवून देणे. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन प्रमाणात आले म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण कर्करोग असूनही ते अनेकांचे वाढत नाही. सिरॉसिस झालेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, हाच वैद्यकाचा प्रघात आहे. आणि मधुमेहाच्या एखाद्या रोग्याची साखर, औषध व आहार तेच असताना, वजनाबरोबर आपोआप उतरू लागली, तर घरच्यांनी पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. क्वचित मोठे अर्बुदच ती खाली ओढत असते.